०२ नावाचं फोल्डर जे फोल्डर नव्हतंच

फेब्रुवारी २०२३, ७ तारीख. मी नाशिकहून मुंबईला चालले होते, गाडीनं इगतपुरी सोडलं होतं, घाट सुरू झाला होता आणि नेमका तेव्हाच फोन. क्लायंटच्या हेड ऑफिसमधल्या अकाउंट्सच्या मॅडम. आवाज एकदम गोड, म्हणजे प्रकरण गंभीर. "अहो, १ तारखेपासून एकाही शाखेची बिलं आमच्याकडं दिसत नाहीयेत, पाठवणं बंद केलंय का?" मी म्हटलं छे हो, रोज जातायत, मला रोज रात्री मेसेज येतो सगळं गेलं म्हणून. "मग कुठं जातायत?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि सुदैवानं बोगदा आला.

थोडं मागचं सांगते. क्लायंटचा खतं-औषधांचा धंदा आहे, नाशिक जिल्ह्यात १४ शाखा, चांदवडपासून येवल्यापर्यंत. प्रत्येक शाखेची दिवसभराची बिलं एका सीएसव्ही फाइलमध्ये जमतात, बिल शून्य असलं तरी फाइल बनतेच, आणि रात्री साडेअकराला एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी कमांडची फाइल, त्या १४ फाइली हेड ऑफिसच्या एसएफटीपी सर्व्हरवर टाकते (एसएफटीपी म्हणजे फाइली सुरक्षितपणे पाठवायची पद्धत). तिथं इनकमिंग नावाचं फोल्डर, त्यात वर्षाचं, त्यात महिन्याचं. स्क्रिप्ट माझ्या आधी जो होता त्यानं लिहिलेली. आता त्याची गंमत अशी की स्क्रिप्टमध्ये फोल्डर बनवायची एकही ओळ नव्हती, कारण तो दर जानेवारीत लॉगिन करून हातानं वर्षाचं फोल्डर आणि त्यात ०१ ते १२ अशी बारा फोल्डरं बनवून मोकळा व्हायचा, आपण भिंतीवर नवीन कॅलेंडर लावतो ना तसं. आणि हे त्यानं कुठं लिहून ठेवलं नव्हतं की कुणाला सांगितलं नव्हतं. तो दिवाळीनंतर नोकरी सोडून गेला, १ जानेवारीला स्क्रिप्ट आपटली, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', मी हातानं २०२३ बनवलं, त्यात ०१ बनवलं, परत चालवली, गेली सगळी, आणि मी विसरून गेले. माझी चूक आहे, नाही म्हणत नाही. बारा बनवायला काय झालं होतं मला, पण तेव्हा वाटलं नंतर नीट करू. हे 'नंतर' तुम्हाला माहितीच आहे.

तर घाटातून आमच्या ऑफिसमधल्या पोराला फोन लावला. नवीनच लागलेला, हुशार आहे. (कमांड मी या पोस्टमध्ये फोनवर बोलले तशाच लिहितेय, नाहीतरी त्या दिवशी सगळं तोंडीच चाललं होतं.)

"एसएफटीपीनं आत जा आणि इनकमिंग, २०२३ मध्ये काय आहे ते सांग."
"ताई, दोन आहेत. झिरो वन, झिरो टू."
"झिरो टू आहे?" मला तर आठवत नव्हतं मी बनवल्याचं.
"आहे की. फोल्डर आहे, पण सीडी केलं तर आत जात नाहीये."
"एलएस मायनस एल कर. झिरो टूच्या ओळीतलं पहिलं अक्षर काय आहे?"
थोडा वेळ काही नाही, मला वाटलं परत रेंज गेली.
"ताई, वरच्याला डी आहे. याला डॅश आहे."

एलएस मायनस एल म्हणजे आतल्या गोष्टींची सविस्तर यादी. तिच्यात डी म्हणजे डिरेक्टरी, म्हणजेच फोल्डर, डॅश म्हणजे साधी फाइल. ०२ नावाची फाइल. फोल्डर नव्हतंच ते.

काय झालं होतं ते तिथंच डोक्यात लख्ख पडलं. स्क्रिप्टमध्ये ओळ होती 'पुट अमुकफाइल, स्लॅश इनकमिंग स्लॅश वर्ष स्लॅश महिना'. शेवटी स्लॅश नाही. आता पुट, म्हणजे फाइल तिकडं टाकायची कमांड, बिचारा काय करतो, तर दिलेल्या जागी त्या नावाचं फोल्डर असेल तर फाइल त्याच्या आत टाकतो, आणि नसेल तर त्याला वाटतं की हे फाइलचं नवीन नाव दिलंय. २०२३ होतं, ०२ नव्हतं, त्यामुळे चांदवडची फाइल गेली आणि ०२ या नावानं जाऊन बसली. मग देवळालीची गेली, तीही ०२ नावानं, चांदवडच्या डोक्यावर. मग दिंडोरी, इगतपुरी, लासलगाव, मालेगाव असं करत करत शेवटची येवला, कारण इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं वाय सगळ्यात शेवटी. रोज १४ फाइली, सहा रात्री, म्हणजे ८४ वेळा ट्रान्सफर झाला, ८४ वेळा यशस्वी झाला, आणि तिकडं शिल्लक काय तर ६ तारखेची येवल्याची बिलं. एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो निकाल, शून्य, म्हणजे सगळं ठीक. शून्यच येणार, कारण एसएफटीपीच्या बाजूनं खरंच काहीही चुकलेलं नव्हतं. हा काही एसएफटीपीचाच दोष नाही बरं का, फाइली पाठवणारं एससीपी हेच करतं, तुमच्या मशीनवरची कॉपी करायची साधी सीपी कमांडसुद्धा हेच करते, फक्त तिथं समोर दिसतं म्हणून लगेच कळतं.

स्लॅश लावला असता तर वाचले असते. 'महिना स्लॅश' असं लिहिलं की त्या नावाची फाइल बनूच शकत नाही, एरर येते, आणि १ फेब्रुवारीलाच रात्री मला कळलं असतं. एका स्लॅशचा फरक. आता मी कुणाचीही स्क्रिप्ट वाचायला घेतली की आधी पाथच्या, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याच्या, शेवटी बघते, अगदी सवय लागलीये.

एक नशीब की स्क्रिप्ट पाठवून झालेल्या फाइली डिलीट करत नव्हती, नुसत्या सेंट नावाच्या फोल्डरात हलवत होती. डिलीट करत असती तर ही पोस्ट मी लिहिलीच नसती, दुसरी नोकरी शोधत बसले असते.

तर पोराला म्हटलं आधी त्या ०२ फाइलचं नाव बदल, डिलीट करू नको, मग मेकडिर (फोल्डर बनवायची कमांड) कर, मग परत पाठव. एवढं होऊन गाडी कसाऱ्याला आली. मॅडमना फोन केला, म्हटलं तासाभरात येतील. त्या म्हणाल्या, बघा हं.

पण खरा प्रश्न नंतरचा. १ मार्चला काय? पोराला म्हटलं स्क्रिप्टमध्येच फोल्डर बनवून टाक. त्यानं सरळ जे कुणीही करेल ते केलं, बॅच फाइलमध्ये, म्हणजे एसएफटीपीला द्यायच्या कमांडच्या यादीत, 'मेकडिर मायनस पी' आणि पूर्ण पाथ (मायनस पी म्हणजे मधली नसलेली फोल्डरं पण बनव). उत्तर आलं 'इनव्हॅलिड फ्लॅग'. मग म्हणाला एसएसएचनं (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) करतो, सर्व्हरवर जाऊन थेट मेकडिर मायनस पी चालवतो. तर तिकडून आलं 'धिस सर्व्हिस अलाउज एसएफटीपी कनेक्शन्स ओन्ली'. बरोबर आहे, क्लायंटनं आपल्याला त्यांच्या सर्व्हरवर शेल, म्हणजे कमांड चालवायची मुभा, कशाला द्यायचा, फाइली टाका आणि जा. इंटर्नल एसएफटीपी आणि क्रूट, म्हणजे ठरावीक फोल्डरात कोंडणारा पिंजरा, लावून ठेवतात, त्याच्या बाहेरचं आपल्याला काही दिसत नाही. बहुतेक ठिकाणी असंच असतं.

आता हे मायनस पी एसएफटीपीत का नाहीये याचा मला आधी राग यायचा. मग एकदा माझ्याच मशीनवर स्ट्रेस (प्रोग्राम कर्नलला काय सांगतो ते दाखवणारं टूल) लावून बघितलं की मेकडिर मायनस पी नेमकं करतं काय, तर ते पण काही जादू करत नाही. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, एका वेळी एकच डिरेक्टरी बनवता येते. मायनस पी म्हणजे तो मेकडिर प्रोग्राम स्वतः पायऱ्या उतरतो, पहिली बनव, आत जा, पुढची बनव, आत जा, आणि आधीच असली तर गपचूप पुढं सरक. सगळी हुशारी त्या प्रोग्राममध्ये आहे, खाली नाही. एसएफटीपीचा प्रोटोकॉल पण तसाच, त्यात मेकडिरची एक रिक्वेस्ट, एक पाथ, एक पातळी. एफटीपी तर त्याच्याहून जुनं, १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे जाहीर दस्तऐवज) एमकेडी म्हणून कमांड आहे, तीही एकच डिरेक्टरी बनवते. म्हणजे पायऱ्या कुणीतरी उतरायच्याच आहेत, क्लायंट प्रोग्राम उतरत नसेल तर आपली स्क्रिप्ट उतरणार.

मग काय, लूप. पूर्ण पाथ घ्यायचा, स्लॅशवर तोडायचा, एक रिकामा व्हेरिएबल घ्यायचा, त्याला प्रत्येक वेळी स्लॅश आणि पुढचा तुकडा जोडत जायचं, आणि दर वेळी एक मेकडिरची ओळ छापायची. म्हणजे इनकमिंग, मग इनकमिंग स्लॅश २०२३, मग इनकमिंग स्लॅश २०२३ स्लॅश ०३. तीन ओळी. या ओळी आधी सगळ्या एकत्र तयार करायच्या, खाली पुटच्या ओळी जोडायच्या आणि सगळं एकदम 'एसएफटीपी मायनस बी मायनस' मध्ये पाइप करायचं, शेवटचा मायनस म्हणजे बॅच फाइलऐवजी स्टँडर्ड इनपुटवरून वाच. मी एक स्क्रिप्ट बघितलीये ज्यात प्रत्येक पातळीसाठी वेगळं कनेक्शन उघडत होते, असलं करू नका, समोरच्या सर्व्हरला वाटतं कुणीतरी हल्ला करतंय.

(तोडताना आयएफएस, म्हणजे शेल कशावर तुकडे करतो ते ठरवणारा व्हेरिएबल, बदलून स्लॅश केला असेल तर तो परत जागेवर ठेवा नाहीतर सबशेलमध्ये करा. मी ठेवला नव्हता आणि खालचा लूप येड्यासारखा वागायला लागला, अर्धा तास गेला. आणि पाथ स्लॅशनं सुरू होत असेल तर पहिला तुकडा रिकामा येतो, तो वगळा.)

आता यात गोची अशी की एसएफटीपीच्या बॅचमध्ये एखादी कमांड फेल झाली की सगळी बॅच तिथंच थांबते. आणि इनकमिंग तर कायमच आहे, म्हणजे पहिलाच मेकडिर रोज फेल होणार आणि काहीच जाणार नाही. त्याला उपाय म्हणजे ओळीच्या सुरुवातीला डॅश. 'डॅश मेकडिर'. कमांडच्या आधी डॅश लावला की ती फेल झाली तरी बॅच पुढं जाते. हे मी फोनवर सांगितलं तर पोरगा परत मेकडिरच्या नंतर डॅश लावून बसला, मग मी म्हटलं अरे आधी, आधी, कपाळावर टिकली लावतात तसं पुढून लाव. तेव्हा हसला आणि कळलं.

बरेच लोक इथंच थांबतात, नेटवर पण बहुतेक उत्तरं इथंच संपतात. पण आपल्या ०२ च्या गोष्टीत हे चाललं असतं का बघा. समजा ०२ नावाची फाइल आधीच तिथं पडलीये. डॅश मेकडिर फेल होईल, डॅशमुळे बॅच पुढं जाईल, पुट परत त्या फाइलच्या डोक्यावर लिहील. पुन्हा ८४ वेळा यशस्वी. म्हणजे डॅश लावून आपण स्वतःच्याच डोळ्यावर पट्टी बांधली.

आणि एररचा मेसेज वाचून काही कळेल म्हणावं तर तिथंही बोंब. ओपनएसएसएच अजून एसएफटीपीची तिसरी आवृत्ती बोलतं, तिच्यात एररचे कोड मोजकेच, आणि 'आधीच आहे' असा वेगळा कोडच नाहीये. पुढच्या मसुद्यांत तो आला, पण तो मसुदा काही आरएफसी झाला नाही. त्यामुळे फोल्डर आधीच असलं तरी 'फेल्युअर', त्या नावाची फाइल असली तरी 'फेल्युअर', कोटा संपला तरी 'फेल्युअर'. परवानगी नसेल तेवढं तरी वेगळं सांगतो, पर्मिशन डिनाइड म्हणून. जुन्या एफटीपीत पण हेच, बऱ्याच सर्व्हरकडून ५५० येतो, आधीच आहे म्हणून ५५० आणि लिहायला परवानगी नाही म्हणूनही ५५०. शेजारच्या खोलीतून नुसतं 'हं' ऐकू यावं तसं.

म्हणून मेकडिरला विचारायचंच नाही. त्याला जे करायचं ते करू दे, बनलं बनलं नाही बनलं नाही. विचारायचं सीडीला, म्हणजे फोल्डरात जायच्या कमांडला. तीन डॅश मेकडिरच्या ओळींनंतर एक सीडीची ओळ, पूर्ण पाथ देऊन, आणि तिला डॅश लावायचा नाही. फोल्डर आधीपासून असू दे नाहीतर आत्ता बनलेलं असू दे, सीडी आत जाईल. फोल्डर नसेल, परवानगी नाही म्हणून बनलंच नसेल, नाहीतर त्या नावाची फाइल असेल तर सीडी फेल होईल, डॅश नसल्यामुळे बॅच थांबेल, एक्झिट कोड शून्य येणार नाही, आणि मला रात्री पावणेबाराला मेसेज येईल. मग पुट करताना रिमोट पाथ द्यायचाच नाही, आपण आत उभे आहोत, नुसतं फाइलचं नाव. स्लॅशचं लफडंच संपलं. हे मला सुचलं ते स्ट्रेसमध्ये बघितलेल्या त्या 'बनव, आत जा' मुळेच.

तुमच्याकडं स्वतःचं टूल निवडायची मुभा असेल तर एवढा खटाटोप करायची गरज नाही हेही सांगते. एलएफटीपी, कर्ल, आरसिंक ही सगळी फाइली पाठवायची टूलं. एलएफटीपीमध्ये मेकडिर मायनस पी सरळ चालतं, एसएफटीपी सर्व्हरवर पण, तो प्रोग्राम आपल्यासाठी पायऱ्या उतरतो. कर्लला एफटीपी क्रिएट डर्स नावाचा ऑप्शन आहे, नावात एफटीपी असलं तरी एसएफटीपीला पण लागू पडतो. समोर आरसिंक असेल तर ३.२.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, एमकेपाथ आहे, पण दोन्हीकडं नवीन आवृत्ती पाहिजे. ॲमेझॉनच्या एसथ्री स्टोरेजवाल्यांना तर हा प्रश्नच नाही, तिथं फोल्डर नावाची वस्तूच नसते, नावातच स्लॅश असतात. आमच्या त्या सर्व्हरवर मात्र जुनं लिनक्स आणि नवीन काही टाकायचं म्हणजे तीन मेल आणि एक फॉर्म, म्हणून आहे त्यात भागवलं.

दुसऱ्या एका कामात एसएसएच होतं, तिथं वाटलं आता काय मजाच आहे, थेट मेकडिर मायनस पी. शाखेच्या नावाचं फोल्डर बनवायचं होतं. सगळं छान, फक्त नाशिक रोडच्या फाइली जाईनात. जाऊन बघितलं तर महिन्याच्या फोल्डरात 'नाशिक' आहे आणि होम डिरेक्टरीत एकटंच 'रोड' नावाचं फोल्डर पडलंय. मी तर व्हेरिएबलला कोट लावले होते! पण ते कोट माझा इकडचा शेल खाऊन टाकतो, एसएसएच सगळे शब्द एका ओळीत जोडून तिकडं पाठवतं आणि तिकडचा शेल ती ओळ परत स्पेसवर तोडतो. म्हणून बाहेर डबल कोट आणि आत पाथभोवती सिंगल कोट, असे दोन थर लागतात. पिंपळगाव बसवंतचं पण तसंच झालं असतं, पण तिची फाइल नुसती पिंपळगाव नावानं यायची.

तारखेचं एक राहिलं. डेट कमांडला वर्ष, स्लॅश, महिना असा फॉरमॅट दिला की पाथच तयार मिळतो, फार सोयीचं. पण ती स्क्रिप्टमध्ये एकदाच चालवा आणि व्हेरिएबलमध्ये ठेवा. वर फोल्डरसाठी एकदा आणि खाली फाइलच्या नावासाठी परत चालवली आणि मध्ये बारा वाजले तर महिन्याच्या शेवटच्या रात्री फाइल एका महिन्याची आणि फोल्डर दुसऱ्या महिन्याचं. आणि मशीन यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असेल तर तिथला दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, त्यामुळे १ तारखेला पहाटे दोनला चालणारी स्क्रिप्ट मागच्या महिन्याच्या फोल्डरात जाऊन बसते. टीझेड या टाइमझोनच्या व्हेरिएबलमध्ये एशिया स्लॅश कोलकाता लिहून टाका, विषय संपला. डेटची ओळ थेट क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालायच्या कामांची यादी) लिहिणार असाल तर प्रत्येक टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश, कारण क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे नवी ओळ, यावर मी अख्खी एक दुपार घालवलीये.

नवीन स्क्रिप्ट फेब्रुवारीच्या मध्यात लावली. दुसऱ्याच दिवशी पोरगा लॉग घेऊन आला, तोंड पडलेलं. "ताई, तीनदा फेल्युअर आलंय." इनकमिंग फेल्युअर, २०२३ फेल्युअर, ०२ फेल्युअर, आणि त्याच्या खाली १४ फाइली व्यवस्थित गेलेल्या. म्हटलं अरे ते तिन्ही आधीच आहेत म्हणून ओरडतोय, सीडी झालं ना, मग झालं. त्याला काही ते पटेना, लॉगमध्ये फेल्युअर लिहिलेलं बघवत नाही म्हणे. शेवटी लॉगच्या वर एक ओळ छापून घेतली की खालचे तीन फेल्युअर अपेक्षित आहेत, घाबरू नये.

१ मार्चला रात्री मी जागीच होते. ११:३१ ला लॉग उघडला. इनकमिंग फेल्युअर, २०२३ फेल्युअर, तिसरा नाही. खाली चांदवड ते येवला चौदाच्या चौदा. मॅडमचा फोन आला नाही. आणि १ जानेवारी २०२४ ला रात्री पावणेबाराला पोराचा व्हॉट्सॲप, नुसता लॉगचा स्क्रीनशॉट आणि खाली लिहिलेलं, "ताई, आज एकच फेल्युअर. हॅपी न्यू इयर."